इंजिन खोलू नकोस

इचोडा, ९ ऑक्टोबर २०२५

ती. नागसेनकाकांस मैत्रीचा सप्रेम जयभीम.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि तुमच्या दीक्षाच्या मोबाइलवर काही लिहून पाठवलं तर मुधोळात ते तुमच्याआधी तिच्या सासूला कळतं. म्हणून कागदच बरा. पाय कसा आहे? वॉकर घेऊन अंगणात फिरता की वॉकरवर टॉवेल वाळत घालता, ते खरं खरं लिहा.

दसऱ्याला आपली शक्तिमान गाडी नागपूरला पोचली नाही, हे एव्हाना कळलंच असेल. पांढरकवड्याच्या अलीकडे इंजिन जाम झालं. आधी वाफ, मग कानठळ्या बसवणारा एक आवाज, आणि गाडी जागच्या जागी थांबली. मागं बसलेली आपली सगळी माणसं खाली उतरली आणि मिळेल त्या वाहनानं पुढं गेली. म्हाताऱ्या बायांना चढवून द्यायला फार जड गेलं. आई आणि मी गाडीपाशीच थांबलो. बाबा गेल्यानंतरची दीक्षाभूमीची ही पहिली फेरी. ते असताना एकही दसरा चुकला नव्हता.

गाडी ओढत मावल्याला अमर मिस्त्रीकडे आणली आहे. तो म्हणतो, दोनच रस्ते आहेत. एक, हेच इंजिन खोलायचं, लायनर-पिस्टन नवे टाकायचे, क्रँक घासून घ्यायचा. पण मिलिटरीच्या या गाड्या बंद होऊन जमाना झाला, सामान मिळेल तेव्हा खरं. दुसरा, हे इंजिन काढून भंगारात द्यायचं आणि साध्या ट्रकचं सहा सिलिंडरचं इंजिन बसवायचं. ते लवकर होईल. तुम्ही जन्मभर फौजेच्या वर्कशॉपात हीच इंजिनं खोललीत, ही गाडी डिस्पोजलच्या लिलावातून बाबांना तुम्हीच घेऊन दिलीत, म्हणून तुम्हाला विचारल्याशिवाय काही करणार नाही. माझं मत विचाराल तर बदलून टाकावं. उन्हाळ्यात डोंगरावरच्या गुड्या-पाड्यांना पाण्याचे टँकर आपलीच गाडी चढवते, तोवर ती चालू व्हायला हवी.

ड्रायव्हर गोपालनं रेडिएटरच्या पाण्याकडे लक्ष दिलं नाही, असं सगळे म्हणतात. आई तर रस्त्यातच सगळ्यांसमोर त्याला बोलली, "माझ्या माणसाची गाडी मारली रे तू!" सध्या त्याला घरीच बसायला सांगितलं आहे.

लवकर कळवा.

तुमची,
मैत्री


मुधोळ, १५ ऑक्टोबर २०२५

चि. मैत्रीस काकाचे आशीर्वाद.

पत्र मिळालं. वॉकरवर टॉवेल नाही, दीक्षाच्या मुलाचं दप्तर लटकलेलं असतं. पाय सरळ होतो आहे. डॉक्टर म्हणतो घाई करू नका, जणू मला कुठं परेडला जायचं आहे.

दसऱ्याला मी इथं ओसरीत बसून होतो. गाडी दीक्षाभूमीजवळ लागली असेल, दादाची माणसं उतरत असतील, असं मनात चाललं होतं. संध्याकाळी दीक्षानं हातवारे करून सांगितलं की गाडी बंद पडली. मी जेवलो नाही. तिला वाटलं, गाडीचं दुःख.

तू विचारलंस म्हणून सांगतो. बदलून टाक.

तुला आश्चर्य वाटेल. मी त्या इंजिनाचा किती अभिमान बाळगायचो हे घरात सगळ्यांना माहीत आहे. लग्नाच्या पंगतीत लोक जेवायचे आणि मी त्यांना इंजेक्टर समजावून सांगायचो. पण वय झालं की हट्ट सोडावा. लायनर शोधायला कोण जाणार? मी तर नाही. अमर मिस्त्री हुशार असला तरी त्यानं हे इंजिन कधी आतून पाहिलेलं नाही. साधं इंजिन बसव. गिअरबॉक्सला जोडताना मधली प्लेट नीट खरादून घे म्हणावं, इंजिनाचं फाउंडेशन कापताना चेसिसला धक्का लागू देऊ नको म्हणावं. आरटीए ऑफिसात इंजिन नंबर बदलून घ्यायला विसरू नकोस.

जुनं इंजिन खोलू नकोस. उगाच मिस्त्रीचे दिवस जातील. आहे तसं भंगारात दे.

आणि गोपालला फार बोलू नका. वहिनीलाही सांग. गाडी जुनी आहे, माणसाच्या हातून सगळंच होतं असं नाही.

तुझा काका,
नागसेन


इचोडा, २४ ऑक्टोबर २०२५

ती. काकांस जयभीम.

तुमचं पत्र वाचून जीव भांड्यात पडला. मला वाटलं होतं, तुम्ही चार पानं भरून मला सुनावाल, दादाची गाडी म्हणजे काय भाजीची हातगाडी आहे का, म्हणून विचाराल. तुम्हीच बदला म्हणालात, आता आईला समजावणं सोपं आहे. ती हट्ट धरून बसली होती. म्हणते, "इंजिन गेलं त मंग गाडी काहाची राह्यली? टपच राह्यला." तिला गल्लीच्या तोंडाशी गाडी आली की आवाजावरून कळायचं, बाबा आले, भात टाकायचा. तिचं बरोबर आहे, पण आवाजासाठी इंजिन ठेवता येत नाही.

अमर मिस्त्रीनं निजामाबादकडे एक इंजिन पाहून ठेवलं आहे. अपघातात गाडी गेली पण इंजिन धड राहिलं, असं म्हणतो. दिवाळीमुळे थांबलं होतं, आता आठवडाभरात आणू. तो मात्र सारखा खोदून खोदून विचारतो, कसं झालं, किती वेळ वाफ होती, गाडी कुठं कुठं थांबवली. मी म्हटलं, तुला इंजिन बदलायचं आहे, पंचनामा करायचा नाही. हसला, पण गप्प बसला नाही.

गोपालचं विचारलंत. त्याला काम मिळत नाही. आपल्या रस्त्यावर ढाबे किती, ट्रक किती, ड्रायव्हर लागतच असतात. पण बातमीला पाय असतात. एका भाजीवाल्यानं त्याला आदिलाबादच्या फेऱ्यांना ठेवला आणि दुसऱ्याच दिवशी काढला. त्याला कोणी सांगितलं, हा इंजिन मारणारा. आता तो बसस्टँडजवळच्या ढाब्यावर टेबलं पुसतो. शाळेत जाताना मला तो दिसतो. मी आता पलीकडच्या बाजूनं जाते, तिकडे सावली असते.

त्याची बायको भाग्यलक्ष्मी आमच्याच शाळेत मध्यान्ह भोजन शिजवते. पूर्वी मला पाहिलं की "टीचरम्मा, आज पप्पू चांगला झाला" म्हणून वरणाची वाटी पुढं करायची. आता वाटी पुढं करते, बोलत नाही.

तुम्ही लिहिलंत की सगळंच माणसाच्या हातून होत नाही. ते वाक्य मी आईला वाचून दाखवलं नाही.

तुमची,
मैत्री


मुधोळ, ३० ऑक्टोबर २०२५

चि. मैत्रीस,

हे पत्र मिळताच मावल्याला जा आणि काम थांबव. निजामाबादचं इंजिन आलं असेल तर परत पाठव, नसेल आलं तर आणू नको म्हणावं. जुनं इंजिन भंगारात गेलं असेल तर मला तसं कळव, म्हणजे माझं काय करायचं ते मी पाहीन.

तुला मी खोलू नकोस म्हणालो, त्याची कारणं खोटी होती. सामान जबलपूरला मिळतं. तिथं डिस्पोजलच्या मालाची दुकानं आहेत, माझ्याबरोबर काम केलेली माणसं अजून तिथं आहेत, एका पत्रासरशी पेटी पाठवतील.

खरं कारण असं. दादानं शेवटचं इंजिनाचं हेड उघडलं, तेव्हा मी इचोड्याला आलो होतो. तुझ्या लक्षात असेल, तू चहा आणून देत होतीस. हेड पुन्हा बसवताना नट मी आवळले. त्या नटांचा एक क्रम असतो, मधून बाहेर जायचं आणि प्रत्येकाला सारखाच जोर द्यायचा. त्याच्या काही दिवस आधीपासून माझा डावा हात थरथरायला लागला होता. मी कोणाला सांगितलं नव्हतं. दादानं विचारलं, "झालं बराबर?" मी म्हणालो, "फौजेचा हात आहे." पण एका बाजूचे दोन नट मला तेव्हाच पटले नव्हते. पुन्हा तपासायला हवे होते. दादासमोर हात थरथरताना दिसेल म्हणून तपासले नाहीत. हेडची पॅकिंग तिथून गेली असणार, तिथून पाणी गेलं, इंजिन तापलं.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हापासून मला हेच दिसतं आहे. इंजिन खोललं की पॅकिंग बोलेल, म्हणून बदल म्हणालो. आणि तिकडे तो पोरगा टेबलं पुसतो आहे.

पोरगाच म्हणतो, त्याला आता नातू होईल. दादाच्या हाताखाली क्लीनर म्हणून आला तेव्हा चप्पल नव्हती पायात. गाडीच्या पाण्याकडे दुर्लक्ष करणारा तो माणूस नाही, हे मला माहीत होतं. तरी मी गप्प राहिलो.

तेव्हा खोल. अमरला सांग, पॅकिंग जपून काढायची आणि मला तिचा फोटो पाठवायचा. दीक्षाच्या मोबाइलवर आला तरी चालेल, तिच्या सासूनंही पाहावा. पॅकिंग जळलेली निघाली की विहारात सगळ्यांना सांग, हे नागसेनचं काम आहे. मला लाज वाटेल. वाटू दे.

नागसेन


इचोडा, ५ नोव्हेंबर २०२५

काका,

तुमच्या पत्रानंतर तीन वेळा लिहायला घेतलं.

काम थांबवलं आहे. इंजिन गेलं नव्हतं, वर्कशॉपच्या मागं ताडपत्रीखाली होतं. पण पॅकिंगचा फोटो मागवू नका. हात तुमचा नाही.

बाबांची पहिली फेरी, म्हणून मी फ्लेक्स करून घेतला होता. मोठा, बाबांचा हसरा फोटो, खाली "आमचे मार्गदर्शक स्मृतिशेष मोतीराम" असं निळ्या अक्षरात. केबिनच्या वर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर नेहमीसारखी, आणि हा फ्लेक्स समोर, बॉनेटपासून बंपरपर्यंत. जाळी सगळी झाकली गेली. बाबा कापडाचा बॅनर लावायचे, तोही बाजूला, का ते मी कधी विचारलं नव्हतं. मला वाटायचं त्यांना मिरवायला आवडत नाही. मी स्वतः दोरीनं चारही कोपरे ताणून बांधले, कुठं सुरकुती नको म्हणून.

आई मागं बायांमध्ये बसली होती, त्यांची गाणी चालली होती. केबिनमध्ये गोपाल आणि मी. आदिलाबाद सोडल्यावर त्यानं गाडी बाजूला घेतली, पाणी टाकलं आणि म्हणाला, "ताई, फ्लेक्स वरतून सोडून घेऊ का? रेडिएटरले हवा लागून नाही राह्यली." मी म्हटलं, बाबांचा फोटो दुमडून लटकवायचा का? त्यानं झाकण लावलं आणि गाडी काढली. पैनगंगेचा पूल ओलांडल्यावर परत थांबला. वास यायला लागला होता, मलाही येत होता. तो म्हणाला, "ताई, लई गरम झाली. थोडा वेळ काढा, नागपूर आलं की मी सोता बांधून देतो." मागून पोरं ओरडत होती, गाडी काऊन थांबली, उशीर होऊन राह्यला. आणि मी त्याला काय म्हणाले माहीत आहे? मी म्हणाले, "गोपाल, गाडी तुमची नाही, फोटोही तुमचा नाही. चला."

काका, त्या माणसानं बाबांना अखेरच्या दिवसांत उचलून संडासला नेलं आहे.

पुढं काय झालं ते लिहिलंच आहे. वाफ आली तेव्हा त्यानं उडी मारली, आधी दोऱ्या कापल्या, फ्लेक्सची गुंडाळी करून माझ्या हातात दिली. मागची माणसं उतरून पुढं येईपर्यंत समोर काही नव्हतं, आणि निघताना पाहिलेला फ्लेक्स हवा अडवतो हे कोणाच्या डोक्यात नव्हतं. आई त्याला बोलत होती, बाकीचे बोलत होते, कोणी तर दारू प्यायला का विचारलं. मी गुंडाळी काखेत धरून उभी होते. तो माझ्याकडे बघेल असं वाटलं. बघितलं असतं तर कदाचित बोलले असते. त्यानं बघितलं नाही.

दोन दिवसांनी तो घरी किल्ली द्यायला आला. आई आत होती. हळूच म्हणाला, "मी कोणाले सांगत नाही ताई. मोतीरामभाऊच्या फोटूनं गाडी बसली असं लोकायच्या तोंडी नाही आलं पायजे." मी किल्ली घेतली आणि दार लावलं.

अमर मिस्त्रीनं जाळीवरचे दोरीचे वळ पाहिले आहेत. "समोर काही बांधलं होतं काय?" असं त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं. मी नाही म्हणाले. म्हणून मला इंजिन खोलायला नको होतं. आत सगळीकडे सारखं तापलेलं दिसेल आणि तो परत विचारेल, ही भीती. तुम्ही बदला म्हणालात तेव्हा मला वाटलं, सुटले.

आता तुम्हीही ते ओझं उचलायला निघालात. एका माणसावर ढकललं ते कसंबसं पचवत होते, दोघांवर नाही पचणार. मी मुलांना पंचशील शिकवते, काका. चौथ्या, खोटं न बोलण्याच्या शीलाला अडखळते हल्ली. मुलांना वाटतं, मॅडमच्या घशात कफ आहे.

मला काय करू ते सांगा.

मैत्री


मुधोळ, ११ नोव्हेंबर २०२५

मैत्री,

तुझं पत्र वाचलं. पहिल्यांदा काय वाटलं ते आधी लिहितो, कारण आता लपवाछपवी पुरे. मला बरं वाटलं. माझे नट निर्दोष सुटले म्हणून मी दीक्षाकडे चहा मागितला. अर्धा कप झाल्यावर गोपाल आठवला. अशी आपल्या दोघांची तऱ्हा.

तुझा राग आला आहे. तो जाईल, पण आज आला आहे. फ्लेक्स बांधलास त्याचा नाही, ते अज्ञान आहे, आणि बापाच्या मायेनं केलेलं आहे. वास आल्यावर जे बोललीस त्याचा आहे. "गाडी तुमची नाही." आपल्या लोकांना हे वाक्य कोणी कोणी ऐकवलं आहे, विहीर तुमची नाही, रस्ता तुमचा नाही, ते मी तुला सांगायला नको. ते तुझ्या तोंडून निघालं.

काय करू विचारतेस. दोन कामं आहेत, ती एकात एक कालवू नकोस.

पहिलं इंजिनाचं. प्रायश्चित्त म्हणून इंजिन बांधू नकोस आणि लपवण्यासाठी बदलू नकोस. अमरला खोलू दे. ब्लॉकला तडा गेला असेल तर तो टाकून द्यायचा आणि दुसरं इंजिन बसवायचं, वहिनी रडली तरी. तडा नसेल, क्रँक मापात बसत असेल, तर हेच बांधायचं, कारण या गाडीची चारही चाकं ओढायची ताकद या इंजिनाबरोबर जुळवलेली आहे, आणि डोंगरावर टँकर चढवायचा तर तीच लागते. अमरला दोरीचं खरं सांग. मिस्त्रीशी खोटं बोललं की तो चुकीच्या जागी शोधत बसतो. जबलपूरला मी लिहिलं आहे.

दुसरं काम तुझं. ते मला पत्रात सांगून झालेलं नाही. मी त्या गाडीत नव्हतो. जे होते, ज्यांच्यासमोर तो मान खाली घालून उभा राहिला, त्यांना सांगायचं. रविवारी विहारात वंदना झाल्यावर उभी राहा. आधी वहिनीला घरात सांगून, तिच्यापाशी रडून घेऊन, मग तिला सोबत घेऊन जाऊ नकोस. सगळ्यांबरोबर तिलाही कळू दे.

आणि माफी मागताना "पण" हा शब्द वापरू नकोस.

काका


इचोडा, ९ डिसेंबर २०२५

ती. काकांस,

उशीर झाला. तुमचं पत्र आल्यावरच्या पहिल्या रविवारी विहारात गेले, वंदना म्हटली, प्रसादाची खीर वाटली आणि काही न बोलता घरी आले. हेही लिहायला हवं म्हणून लिहिते.

आधी इंजिन. अमर मिस्त्रीनं खोललं. दोरीचं सांगितल्यावर तो एवढंच म्हणाला, "मले मालूम होतं ताई, तुमी सांगाची वाट पाहून राह्यलो होतो." ब्लॉकला तडा नाही. सगळी पिस्टनं सारखीच भाजलेली, त्यातली दोन लायनरमध्येच रुतलेली. क्रँक एक माप घासून बसला. तुमची पॅकिंग त्यानं मला हातात घेऊन दाखवली, कुठंही पाणी गेल्याची खूण नाही. म्हणाला, हे नट ज्यानं आवळले त्याचा हात मला मिळाला पाहिजे. तेव्हा तुम्ही निवांत जेवा. जबलपूरची पेटी आली आणि मागच्या आठवड्यात इंजिन गाडीवर चढलं.

दुसऱ्या रविवारी मी उभी राहिले. सगळं सांगितलं, फ्लेक्स, दोन वेळा थांबणं, मी बोलले ते वाक्य जसंच्या तसं. "पण" वापरला नाही. मला वाटत होतं, आता कोणी उठेल, बोलेल, निदान भागाबाई तरी, तिचं तोंड तुम्हाला ठाऊक आहे.

काका, मला कोणी रागावलंच नाही. भागाबाई उठली, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "जाऊ दे माय, बापाच्या मायेनं केलं तू. तुह्या मनात काही पाप होतं काय?" दुसरे म्हणाले, टीचरबाईनं सांगितलं हेच मोठं मन. एकानं तर टाळ्या वाजवल्या. हीच माणसं दीड महिना गोपालला दारुडा म्हणत होती. त्याला दसऱ्यापासून जे मिळालं नाही, ते मला खाली बसायच्या आत मिळालं. मी शिक्षा घ्यायला गेले होते आणि कौतुक घेऊन आले. तिथंच मला खरं कळलं की मी काय केलं आहे, आणि त्याआधी पत्रात रडले ते सगळं किती स्वस्तातलं होतं.

आई उठून गेली. माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटलं घरी गेली असेल, घरी नव्हती. ती तशीच, पांढऱ्या लुगड्यात, गोपालच्या घरी गेली होती. दुपार टळल्यावर आली. मी पाणी दिलं, तिनं घेतलं नाही, स्वतः माठातून घेतलं. तिथं काय झालं ते भाग्यलक्ष्मीनं मला नंतर शाळेत सांगितलं. आई जाऊन त्याच्या ओट्यावर बसली आणि म्हणाली, "गोपाल, मी सगळ्यायसमोर बोलली तुले. आता तुह्या गल्लीतल्या चार जणायले बलाव, त्यायच्यासमोर म्हणते, मी चुकली." त्यानं कोणाला बोलावलं नाही. मग आईनंच शेजारच्यांना हाका मारल्या.

मी दुसऱ्या दिवशी गेले. तो ढाब्यावर होता. मी माफी मागितली. त्यानं ऐकून घेतलं, हातातलं फडकं खाली ठेवलं नाही. म्हणाला, "लोकायनं तुमाले माफ केलं, आयकलं मी. चांगलं झालं. मले कोणी आलं नाही सांगाले. तुमची माय, रुक्माबाई, आली तेवढीच." मग एक टेबल पुसून म्हणाला, "लय दिवस मीच सोताले विचारून राह्यलो, का गोपाल, तुह्यानंच झालं असंन. गाडी थांबवनं त माह्या हातात होतं ना." काका, त्याला तसं वाटायला लागलं होतं. मी गप्प राहून त्याच्याकडून तेही कबूल करून घेतलं होतं.

गाडी चालवाल का, असं विचारायची माझी हिंमत नव्हती. ते आईनं विचारलं. काल सकाळी भाकरी थापता थापता तिनं मला त्याचं उत्तर सांगितलं. विहारातल्या रविवारनंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. म्हणाली, "आज येते गोपाल. गाडी आणते मावल्याहून. टँकरबी चालवतो म्हणे, नागपूरलेबी नेतो म्हणे. पण त्याचं एक सांगनं हाये. तू गाडीत बसायची नाही. कधीच." मी विचारलं, तू काय म्हणालीस? ती म्हणाली, "मी हो म्हणलं. माह्या माणसाची गाडी हाये ते."

काल मी शाळेतच होते. सातवीला भूगोल चालू होता. हमरस्त्यावरून आवाज आला आणि मागच्या बाकावरचा सुरज ओरडला, "टीचर, तुमची गाडी आली!" सगळी मुलं खिडकीशी धावली. तो आवाज सांगायला नको, तुम्हाला तो अजूनही आतून ऐकू येत असेल. एकही सिलिंडर चुकत नव्हता. मुलं सांगत होती, आजी पुढं बसली आहे, गोपालमामा चालवतो आहे, हॉर्न मारला, हात केला. मी फळ्यापाशी उभी होते. मला बघायचं होतं. मी मुलांना जागेवर बसा म्हणाले आणि नद्यांची नावं लिहीत राहिले.

पुढच्या दसऱ्याला तुमचा पाय नक्की बरा झालेला असेल. आई म्हणते, गाडी आधी मुधोळला पाठवू, नागसेनला केबिनमध्ये बसवू. तुम्ही गाडीनं या, काका. मी आरटीसीच्या बसनं येईन.

मैत्री